बातमीतल्या ‘-ल्याचे’पासून लॅटिनपर्यंत: परफेक्ट इन्फिनिटिव्हसह अप्रत्यक्ष विधानांचा सराव

‘राजाने शहर घेतल्याचे दूताने सांगितले.’ मराठी वर्तमानपत्रात अशी वाक्ये रोज असतात. ‘की’ नाही, अवतरणचिन्हे नाहीत. ‘राजाने शहर घेतले’ हे आतले वाक्य ‘घेतल्याचे’ या रूपाच्या आधारे बाहेरच्या वाक्यात बसवले आहे. लॅटिनमध्ये हेच वाक्य असे होते: नूंतिउस दीक्सित रेगेम उर्बेम केपिस्से. नूंतिउस म्हणजे दूत, दीक्सित म्हणजे त्याने सांगितले, रेगेम म्हणजे राजा (द्वितीयेत), उर्बेम म्हणजे शहर आणि केपिस्से म्हणजे ‘घेतल्याचे’. केपिस्से हे परफेक्ट इन्फिनिटिव्ह आहे. इन्फिनिटिव्ह म्हणजे क्रियापदाचे पुरुष-वचन नसलेले रूप, आणि परफेक्ट म्हणजे आधी घडून गेलेल्या क्रियेचे.

मराठी माणसाने हा विषय इंग्रजीच्या वाटेने शिकू नये, असे आमचे ठाम मत आहे. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की आतले क्रियापदही एक पायरी मागे सरकते. लॅटिनमध्ये असे होत नाही आणि मराठीच्या ‘-ल्याचे’ रचनेतही होत नाही. मराठीतून थेट लॅटिनमध्ये गेलात तर निम्म्या चुका जन्मालाच येत नाहीत.

लिपीविषयी आधी थोडेसे. इथे लॅटिन शब्द प्राचीन रोमन उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. त्यात ‘सी’ नेहमी क, ‘व्ही’ नेहमी व. ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ मधला भेद देवनागरीत दिसत नाही, तो शब्दकोशात पाहा. गोव्यातल्या किंवा वसईतल्या चर्चमध्ये लॅटिन प्रार्थना आणि गाणी ऐकून ज्यांचा कान घडला आहे, त्यांना केपिस्सेऐवजी ‘चेपिस्से’ जवळचे वाटेल. तो चर्चचा उच्चार आहे आणि त्याने व्याकरणात काहीच बदलत नाही. सरावाच्या वहीत मात्र रोमन लिपीच वापरा, कारण शब्दकोश आणि मूळ ग्रंथ त्याच लिपीत आहेत.

रचना थोडक्यात

सांगणे, ऐकणे, पाहणे, जाणणे, समजणे, वाटणे, नाकारणे अशा अर्थाच्या क्रियापदांनंतर लॅटिन ही रचना वापरते. आतल्या वाक्याचा कर्ता द्वितीयेत जातो आणि क्रियापद इन्फिनिटिव्ह होते. हिचे जुने नाव आक्कूसातीवुस कुम ईन्फीनीतीवो, म्हणजे इन्फिनिटिव्हसह द्वितीया. ज्यांनी शाळेत संस्कृत केले आहे त्यांचा हात इथे ‘इति’ शोधतो. प्राचीन गद्यात साध्या विधानासाठी ‘इति’सारखा किंवा ‘की’सारखा कुठलाही जोडशब्द येत नाही. मध्ययुगीन आणि चर्चच्या लॅटिनमध्ये ‘क्वोद’ किंवा ‘क्विआ’ भेटतो, पण सराव चालू असताना तो आपल्या वाक्यात येऊ देऊ नका.

पहिल्या टप्प्याला ही क्रियापदे पुरतात: दीको (सांगतो), नूंतिओ (बातमी देतो), आउदिओ (ऐकतो), विदेओ (पाहतो), स्किओ (जाणतो), पुतो (समजतो), क्रेदो (मानतो), नेगो (नाकारतो). आज्ञा करणे आणि प्रश्न विचारणे या अर्थाच्या क्रियापदांची रचना बहुधा वेगळी असते. ती आत्ता मिसळू नका.

पायरी १: रूप बनवणे

लॅटिन शब्दकोशात बहुतेक क्रियापदांची चार मूळ रूपे असतात, जसे कापिओ, कापेरे, केपी, काप्तुम. परफेक्ट इन्फिनिटिव्हसाठी तिसरे आणि चौथे रूप लागते, पहिल्या दोनांचा इथे काही उपयोग नाही. ज्यांनी ही रूपे पाठ न करता हा विषय उघडला, ते वाक्यरचनेत अडखळत नाहीत, रूपातच अडखळतात.

कर्तरी रूपासाठी तिसऱ्या रूपाच्या शेवटची ‘ई’ काढा आणि ‘-इस्से’ लावा. केपी, केपिस्से. मीसी, मीसिस्से. बस्स, या नियमाला वर्ग नाहीत आणि अपवादही जवळजवळ नाहीत. कर्मणि रूपासाठी चौथ्या रूपापासून बनलेले धातुसाधित घ्या आणि त्यापुढे एस्से (असणे) ठेवा: काप्तुम एस्से, म्हणजे ‘घेतले गेलेले असणे’.

ही दहा क्रियापदे वहीत चार रकाने पाडून लिहा. रकाने असे: वर्तमान इन्फिनिटिव्ह, तिसरे रूप, कर्तरी परफेक्ट, कर्मणि परफेक्ट.

कापेरे (घेणे), केपी, केपिस्से, काप्तुम एस्से
मित्तेरे (पाठवणे), मीसी, मीसिस्से, मिस्सुम एस्से
विंकेरे (जिंकणे), वीकी, वीकिस्से, विक्तुम एस्से
विदेरे (पाहणे), वीदी, वीदिस्से, वीसुम एस्से
फाकेरे (करणे), फेकी, फेकिस्से, फाक्तुम एस्से
दारे (देणे), देदी, देदिस्से, दातुम एस्से
स्क्रीबेरे (लिहिणे), स्क्रीप्सी, स्क्रीप्सिस्से, स्क्रीप्तुम एस्से
रेलिंक्वेरे (सोडून जाणे), रेलीक्वी, रेलीक्विस्से, रेलिक्तुम एस्से
इंतेरफिकेरे (ठार मारणे), इंतेरफेकी, इंतेरफेकिस्से, इंतेरफेक्तुम एस्से
देलेरे (नष्ट करणे), देलेवी, देलेविस्से, देलेतुम एस्से

याशिवाय वेनिस्से (येणे), फुइस्से (असणे) आणि पोतुइस्से (शकणे) ही तीन कर्तरी रूपे पाठच असावीत.

इथे चुका कुठे होतात ते पाहा. पहिली, वर्तमानकाळाच्या अंगाला ‘-इस्से’ लावून ‘कापिस्से’ किंवा ‘विदिस्से’ लिहिणे. ही रूपे अस्तित्वातच नाहीत. दुसरी, सगळ्यांना आमाविस्सेच्या (प्रेम केल्याचे) साच्यात घालून ‘मित्ताविस्से’सारखे काहीतरी करणे. तिसरी चूक जास्त घातक, कारण चुकीचा शब्दही खरा शब्द असतो: ‘-इस्से’ऐवजी ‘-इस्सेत’. केपिस्सेत हे प्लूपरफेक्ट सब्जंक्टिव्ह (बहुधा दुय्यम वाक्यात येणारे वेगळे रूप) आहे, त्याला पुरुष आणि वचन असते आणि ते अप्रत्यक्ष विधानाचे मुख्य क्रियापद होत नाही. शेवटी ‘त’ दिसला की थांबा. चौथी गोंधळाची जोडी म्हणजे वीकिस्से (जिंकल्याचे) आणि वीक्सिस्से (जगल्याचे). दुसरे रूप वीवेरेचे आहे.

वाचताना आखूड रूपेही भेटतील: आमाविस्सेऐवजी आमास्से, आउदीविस्सेऐवजी आउदीस्से. ओळखता आली तरी पुरे, लिहिताना पूर्ण रूपच लिहा.

पायरी २: काळ ठरवणे

सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे सर्वात जास्त वेळ द्या.

इन्फिनिटिव्हचा काळ घड्याळाशी जोडलेला नसतो, मुख्य क्रियापदाशी जोडलेला असतो. परफेक्ट इन्फिनिटिव्ह एवढेच सांगते की आतली घटना सांगण्याच्या आधी घडली. सांगणे आज असो, काल असो किंवा उद्या असो. मराठीत तीन रूपे नेमके हेच काम करतात. ‘-त असल्याचे’ म्हणजे त्याच वेळी, इथे वर्तमान इन्फिनिटिव्ह. ‘-ल्याचे’ म्हणजे आधी, इथे परफेक्ट. ‘-णार असल्याचे’ म्हणजे नंतर, इथे भविष्य इन्फिनिटिव्ह.

एकच वाक्य घेऊन नऊ रूपे करा. कर्ता कोन्सुलेम (कॉन्सल म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, इथे द्वितीयेत) आणि क्रियापद ‘येणे’:

दीकित कोन्सुलेम वेनीरे: कॉन्सल येत असल्याचे तो सांगतो.
दीकित कोन्सुलेम वेनिस्से: कॉन्सल आल्याचे तो सांगतो.
दीकित कोन्सुलेम वेंतूरुम एस्से: कॉन्सल येणार असल्याचे तो सांगतो.

आता दीकितच्या जागी दीक्सित (सांगितले) ठेवून तीन आणि दीकेत (सांगेल) ठेवून तीन. लॅटिन वाक्याच्या उरलेल्या भागात एक अक्षरही बदलत नाही. मराठीत ‘आल्याचे’ही तसेच राहते, बदलते ते ‘सांगतो, सांगितले, सांगेल’. ही नऊ वाक्ये मोठ्याने म्हणा, मग वेगळे क्रियापद घेऊन पुन्हा करा. एका बैठकीत तीन क्रियापदे, म्हणजे सत्तावीस वाक्ये. ती न अडखळता येईपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका.

इंग्रजीतून आलेल्या विद्यार्थ्याची नेहमीची चूक या सरावाने सुटते. ‘कॉन्सल येत असल्याचे त्याने सांगितले’ याचे इंग्रजी करताना आतले क्रियापद भूतकाळी होते. ते पाहून विद्यार्थी परफेक्ट घेतो आणि दीक्सित कोन्सुलेम वेनिस्से लिहितो. त्याचा अर्थ होतो ‘आल्याचे सांगितले’, म्हणजे कॉन्सल पोहोचलासुद्धा. योग्य वाक्य दीक्सित कोन्सुलेम वेनीरे.

मराठीतही एक सापळा आहे, तो ‘की’च्या वाक्यात. ‘त्याने सांगितले की कॉन्सल आला होता’, ‘आला आहे’ आणि ‘आला’ या तिन्हींसाठी लॅटिनला एकच वेनिस्से पुरते. म्हणून सरावाचे वाक्य ‘की’ने सुरू होत असेल तर ते आधी ‘-ल्याचे’ रूपात लिहून घ्या आणि मगच लॅटिनला हात लावा. पायरी वाढते, पण चूक टळते.

पायरी ३: ‘ने’ने फसू नका

वर म्हटले की मराठी मदत करते. इथे मात्र ती अडवते, आणि का ते नीट समजून घेतले पाहिजे.

मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: राजाने पत्र लिहिले, राजाने चिठ्ठी लिहिली. लॅटिनच्या कर्तरी परफेक्टमध्ये यातले काहीच नाही. मराठी सवयीने दोन चुका होतात. एक, ‘राजाने’ पाहून ‘आ रेगे’ (राजाकडून) लिहिणे आणि पुढे कर्तरी इन्फिनिटिव्ह ठेवणे. असे वाक्य तुटलेले असते, त्याला कर्ताच नसतो. दोन, इन्फिनिटिव्हला कर्माचे लिंग लावण्याचा प्रयत्न करणे. स्क्रीप्सिस्से कधीच बदलत नाही, पत्र असो, चिठ्ठी असो वा दहा पुस्तके.

‘राजाने चिठ्ठी लिहिल्याचे मी ऐकतो’ याचे बरोबर रूप: आउदिओ रेगेम एपिस्तुलाम स्क्रीप्सिस्से. रेगेम आणि एपिस्तुलाम दोन्ही द्वितीयेत आहेत, पण पहिला शब्द कर्ता आणि दुसरा कर्म.

कर्तरी घ्यायचे की कर्मणि, हे ‘ने’वरून ठरवू नका. आतले मूळ वाक्य सुटे लिहा आणि पाहा की करणारा सांगितला आहे का. ‘राजाने शहर घेतले’ यात करणारा आहे, म्हणून कर्तरी. ‘शहर घेतल्याचे कळले’ यात करणारा नाही, म्हणून कर्मणि: उर्बेम काप्ताम एस्से. ‘घेतले गेल्याचे’ असे असेल तर प्रश्नच नाही, कर्मणिच.

दोन द्वितीया शेजारी आल्या की कोण कर्ता आणि कोण कर्म हे क्रमावरून आणि अर्थावरून ठरते. कधीकधी ठरतच नाही. इपायरसचा राजा पिर्हस इ.स.पू. २८० मध्ये रोमशी लढायला इटलीत उतरला. त्याला मिळालेली म्हणून सांगितली जाणारी देववाणी कवी एन्निउसच्या ओळीत आहे आणि ती ओळ किकेरोने (आपण ज्याला सिसेरो म्हणतो) उद्धृत केल्यामुळे टिकली: आयो ते, आयाकिदा, रोमानोस विंकेरे पोस्से. ‘आयाकिदा’ हे पिर्हसलाच केलेले संबोधन. ‘तू रोमनांना जिंकू शकतोस’ आणि ‘रोमन तुला जिंकू शकतात’, दोन्ही अर्थ व्याकरणाने बरोबर आहेत. आपल्याला देववाणी लिहायची नाही. म्हणून शंका असेल तिथे कर्मणि वापरा. रोमानोस आ ते विक्तोस एस्से म्हटले की अर्थ एकच उरतो: तुझ्याकडून रोमन जिंकले गेल्याचे.

पायरी ४: कर्मणि रूपातले लिंग-वचन

काप्तुम, मिस्सुम ही शब्दकोशातली चौथी रूपे आहेत, ती तशीच उचलून वाक्यात टाकायची नाहीत. धातुसाधित आतल्या कर्त्याशी लिंग, वचन आणि विभक्ती तिन्हींत जुळते. लॅटिनला तीन लिंगे आहेत आणि मराठीलाही तीन, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही. ‘घेतलेला किल्ला, घेतलेली गढी, घेतलेले गाव’ हेच तत्त्व.

अडचण अशी की लिंगे जुळत नाहीत. शहर मराठीत नपुंसकलिंगी, पण उर्ब्स स्त्रीलिंगी. पत्र नपुंसकलिंगी, पण एपिस्तुला स्त्रीलिंगी. पुस्तक नपुंसकलिंगी, पण लिबेर पुल्लिंगी. सैन्य नपुंसकलिंगी, पण एक्सेर्कितुस पुल्लिंगी. नदी स्त्रीलिंगी, पण फ्लूमेन नपुंसकलिंगी. पूल मात्र दोन्हीकडे पुल्लिंगी. नवा शब्द वहीत घेताना शेजारी लॅटिन लिंग लिहायची सवय लावा.

साचा पाठ करण्यासाठी सहा जोड्या:

लिब्रुम स्क्रीप्तुम एस्से: पुस्तक लिहिले गेल्याचे
लिब्रोस स्क्रीप्तोस एस्से: पुस्तके लिहिली गेल्याचे
एपिस्तुलाम स्क्रीप्ताम एस्से: पत्र लिहिले गेल्याचे
एपिस्तुलास स्क्रीप्तास एस्से: पत्रे लिहिली गेल्याचे
ओप्पिदुम काप्तुम एस्से: गाव घेतले गेल्याचे
ओप्पिदा काप्ता एस्से: गावे घेतली गेल्याचे

शेवटची जोडी सगळ्यात जास्त चुकते. ओप्पिदा नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, पण शेवटचा ‘आ’ पाहून ते स्त्रीलिंगी एकवचन वाटते. पुरुष आणि स्त्रिया एकत्र असतील तर धातुसाधित पुल्लिंगी अनेकवचनात जाते: विरोस एत फेमिनास इंतेरफेक्तोस एस्से.

काही क्रियापदांचे रूप कर्मणि असते आणि अर्थ कर्तरी. यांना डिपोनंट म्हणतात. संस्कृतातले आत्मनेपदी धातू आठवले तर कल्पना लवकर बसते. प्रोफिकिस्कोर (निघणे), लोक्वोर (बोलणे), सेक्वोर (मागे जाणे), मोरिओर (मरणे) ही मुख्य. यांना ‘-इस्से’ रूप नसतेच. ‘राणी निघाल्याचे’ म्हणजे रेगीनाम प्रोफेक्ताम एस्से. इथे ‘निघाली गेल्याचे’ असला अर्थ लावू नका.

पायरी ५: आपण की तो

‘त्याने आपण जिंकल्याचे सांगितले’ आणि ‘त्याने तो जिंकल्याचे सांगितले’ यातला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. लॅटिनमध्येही तसाच फरक आहे: दीक्सित से वीकिस्से (आपण) आणि दीक्सित एउम वीकिस्से (तो, दुसरा कोणी). ‘आपले पुस्तक’ आणि ‘त्याचे पुस्तक’ हेही तसेच: लिब्रुम सुउम आणि लिब्रुम एयुस.

‘से’ला लिंग-वचन नाही. ते कळते धातुसाधितावरून: रेगीना दीक्सित से काप्ताम एस्से (राणीने आपण पकडली गेल्याचे सांगितले), मीलितेस दीक्सेरुंत से काप्तोस एस्से (सैनिकांनी आपण पकडले गेल्याचे सांगितले). म्हणून ‘से’ दिसला की मुख्य कर्त्याकडे मागे वळून पाहा.

मराठी ‘आपण’ सहज गाळते. ‘पत्र पाठवल्याचे त्याने सांगितले’ हे पूर्ण वाक्य आहे. लॅटिनमध्ये तुम्ही लिहिताना ‘से’ ठेवलाच पाहिजे: दीक्सित से एपिस्तुलाम मीसिस्से. तो गाळला तर वाचणारा एपिस्तुलामलाच कर्ता समजू लागतो आणि पत्रानेच काहीतरी पाठवले असा अर्थ निघतो.

नकारासाठी ‘दीको नोन’ लिहू नका, नेगो वापरा. मराठीत ‘केल्याचे नाकारले’ म्हणतो तसेच नेगावित से फेकिस्से. त्यातही एक बारीक गोष्ट आहे: आतल्या वाक्यातला नकारी शब्द नेगोमध्ये आधीच आलेला असतो. म्हणून निहिल (काहीच नाही) बदलून क्विक्क्वाम (काहीही) होते.

पायरी ६: आठ वाक्यांचा संच

प्रत्येक वाक्यावर याच क्रमाने काम करा: मुख्य क्रियापद कोणते, आतली घटना आधीची का, करणारा आहे का, कर्त्याची द्वितीया काय, आणि कर्मणि असेल तर लिंग-वचन कोणते. क्रम मोडला तर बहुतेक वेळा लिंग-वचन विसरले जाते. आधी उजवीकडचे झाकून स्वतः लिहा.

१. होस्तेस पोंतेम देलेवेरुंत (शत्रूंनी पूल पाडला). नूंतिउस दीक्सित होस्तेस पोंतेम देलेविस्से. होस्तेसची प्रथमा आणि द्वितीया सारखीच दिसते, पण विभक्ती बदललेली आहे.

२. एपिस्तुला मिस्सा एस्त (पत्र पाठवले गेले). आउदिओ एपिस्तुलाम मिस्साम एस्से.

३. कोन्सुल एक्स उर्बे प्रोफेक्तुस एस्त (कॉन्सल शहरातून निघाला). स्कीमुस कोन्सुलेम एक्स उर्बे प्रोफेक्तुम एस्से.

४. ओप्पिदा काप्ता सुंत (गावे घेतली गेली). नूंतिआतुम एस्त ओप्पिदा काप्ता एस्से. यातले नूंतिआतुम एस्त म्हणजे ‘बातमी आली’. त्याचे नपुंसकलिंग त्याच्याजवळच राहते, ओप्पिदाशी त्याचा संबंध नाही.

५. ‘निहिल दीक्सी’ (मी काही बोललो नाही), असे मुलगा म्हणतो. पुएर नेगात से क्विक्क्वाम दीक्सिस्से.

६. ‘काप्ती सुमुस’ (आम्ही पकडले गेलो), असे सैनिक ओरडतात. मीलितेस क्लामांत से काप्तोस एस्से.

७. रेगीना मोर्तुआ एस्त (राणी मेली). क्रेदुंत रेगीनाम मोर्तुआम एस्से.

८. रोमुलुस उर्बेम कोंदिदित (रोम्युलसने शहर वसवले). त्रादुंत रोमुलुम उर्बेम कोंदिदिस्से.

संच झाल्यावर उलट जा: अप्रत्यक्ष विधान घेऊन मूळ वाक्य परत लिहा. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटते, पण वाचनात नेमके हेच करावे लागते. मग स्वतःची वाक्ये बनवा. त्यासाठी मराठी वर्तमानपत्रासारखी दुसरी वही नाही. ‘पूल पाडल्याचे’, ‘पत्र पाठवल्याचे’, ‘मुख्यमंत्री दिल्लीला रवाना झाल्याचे’ अशी रोज पाच वाक्ये निवडा, आधुनिक नावे काढून कॉन्सल, राजा, सैनिक घाला आणि लॅटिन करा. ‘रवाना झाल्याचे’ आले की प्रोफेक्तुम एस्से आपोआप सुचले पाहिजे.

पायरी ७: कायसारच्या गद्यावर हात बसवणे

कायसार म्हणजे ज्युलियस सीझर. त्याच्या गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) युद्धावरील वृत्तांताचे पहिले पुस्तक इ.स.पू. ५८ मधल्या हेल्वेती (आजच्या स्वित्झर्लंडमधली जमात) यांच्याविरुद्धच्या मोहिमेने सुरू होते. त्यातली दोन ठिकाणे या सरावासाठी उत्तम आहेत.

पहिले, सातवा अध्याय. कायसारच्या स्मरणात काय होते ते असे येते: लूकिउम कास्सिउम कोन्सुलेम ओक्कीसुम एक्सेर्कितुम्क्वे एयुस आब हेल्वेतिईस पुल्सुम एत सुब युगुम मिस्सुम. कॉन्सल लूकिउस कास्सिउस ठार मारला गेल्याचे, आणि त्याचे सैन्य हेल्वेतींकडून पराभूत होऊन जुवाखालून पाठवले गेल्याचे (हरलेल्यांचा अपमान करण्याची ती रीत). ती घटना इ.स.पू. १०७ ची. तीन कर्मणि परफेक्ट इन्फिनिटिव्ह आहेत आणि एस्से एकदाही नाही. लॅटिन लेखक एस्से सर्रास गाळतात. मुख्य क्रियापदही ‘सांगणे’ नाही, ते आहे मेमोरिआ तेनेबात, म्हणजे स्मरणात ठेवून होता. म्हणून वाचताना ‘-तुम, -सुम’ असे द्वितीयेतले धातुसाधित सुटे दिसले तर एस्से मनात घालून पाहा. वाक्य जुळले तर अप्रत्यक्ष विधान आहे. लिहिताना मात्र पहिले काही महिने एस्से गाळू नका.

दुसरे, बारावा अध्याय. हेरांकडून कायसारला कळते: त्रेस याम पार्तेस कोपिआरुम हेल्वेतिओस इद फ्लूमेन त्रादूक्सिस्से. म्हणजे हेल्वेतींनी सैन्याचे तीन भाग ती नदी पार करून नेल्याचे. नदी आरार, आजची सोन. इथे पार्तेस, हेल्वेतिओस, फ्लूमेन अशा तीन द्वितीया आहेत. कर्ता मधला आहे, पहिला नाही, म्हणजे क्रमाचा नियम इथे चालत नाही. अर्थावरून ठरवावे लागते: नदी कोणाला नेत नाही, सैन्याचे भाग स्वतःला नेत नाहीत, नेणारे हेल्वेती.

त्याच वाक्यात पुढे चौथ्या भागाविषयी रेलिक्वाम एस्से येते. नवशिका इथे हमखास ‘सोडला गेल्याचे’ वाचतो. पण रेलिक्वाम हे धातुसाधित नाही, ‘उरलेला’ या अर्थाचे साधे विशेषण आहे. धातुसाधित असते तर रेलिक्ताम असते. म्हणून हे वर्तमान इन्फिनिटिव्ह आहे: चौथा भाग अजून अलीकडच्या तीरावर असल्याचे. हा फरक युद्धाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा, कारण त्या उरलेल्या भागावरच कायसारने हल्ला केला. एस्सेच्या आधी ‘-उम, -आम’ दिसले म्हणजे परफेक्टच असे धरू नका, शब्द चौथ्या मूळ रूपाशी ताडून पाहा.

दोन अपवाद वाचताना भेटतील. ‘म्हणतात’ हे कर्मणित आले, दीकितुर, की कर्ता बहुधा द्वितीयेत न जाता प्रथमेतच राहतो आणि धातुसाधितही प्रथमेत: उर्ब्स काप्ता एस्से दीकितुर, होमेरुस काएकुस फुइस्से दीकितुर (होमर आंधळा होता असे म्हणतात). दुसरा, मेमिनी (मला आठवते). स्वतः पाहिलेल्या किंवा अनुभवलेल्या गोष्टीसाठी त्यापुढे बहुधा वर्तमान इन्फिनिटिव्ह येते, घटना जुनी असली तरी. मेमिनी मे विदेरे म्हणजे ‘मी पाहिल्याचे मला आठवते’. तिथे वीदिस्से नाही म्हणून चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नका.